न्यू जर्सीचं खोकं आणि बडोद्याचा प्लेअर

कारेलीबागेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे भाऊ न्यू जर्सीत असतात. मोठं घर विकून ते लहान घरात गेले, तेव्हा साठेक डीव्हीडींचं खोकं आणि आपला जुना प्लेअर त्यांनी बहिणीकडे पाठवून दिला. खोक्यात इंग्रजी सिनेमे आहेत, थोडे हिंदी आहेत आणि भाच्याच्या मुंजीची एक डिस्क आहे. हिंदी सिनेमे ताईंच्या इथल्या प्लेअरवर लागतात. इंग्रजी लावले की रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढली त्याचा नंबर, चुकीचा असल्याची पाटी येते. मुंज तर लागतच नाही. ताईंना विचारायचंय, हे असं का होतं, ही भानगड कुणी आणि कशासाठी काढली, आणि प्लेअर ‘खोलून घेणं’, म्हणजे त्याची रीजनची अट काढून घेणं, गुन्हा आहे का. जावई म्हणतात, दोन वर्षांची कैद आहे.

जावईबापूंनी कायदा वाचलाय, हे आधी कबूल करतो. फक्त कलम अर्ध्यावर सोडलंय. तिथे येतोच, पण त्याआधी एक तातडीची गोष्ट.

भावाचा प्लेअर अजून खोक्यातच असेल तर तो भिंतीतल्या प्लगला लावू नका. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. प्लेअरच्या मागे पट्टीवर काय छापलंय ते चष्मा लावून वाचा. १००–२४० असेल तर पिन बदलून खुशाल लावा. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दांडिया बाजारात मी तीसेक वर्षं दुरुस्तीला बसतोय. आधी व्हीसीआरची हेडं साफ केली, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आता बहुतेक टीव्हीची पॅनेलं. परदेशातून आलेले जेवढे प्लेअर मेलेले आले, त्यातले निम्मे याच कारणानं मेलेले होते. एकदा एक गृहस्थ पिशवीत प्लेअर घेऊन आले आणि म्हणाले, ‘भाई, रीजन खोली आपो ने,’ म्हणजे रीजन खोलून द्या. झाकण काढलं तर आतला मोठा कपॅसिटर फुगून फुटलेला, फ्यूज काळा, आणि वास असा की शेजारचा झेरॉक्सवाला उठून बाहेर गेला. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या सप्लायमध्ये तो कपॅसिटर साधारण २०० व्होल्टचा असतो. आपली वीज आत शिरून डीसी झाली की सव्वातीनशेच्या आसपास जाते. रीजनचा प्रश्न तिथवर पोचलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मुंजीची. तिचा आणि रीजनचा काही संबंध नाही. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कवर सिनेमावाल्यांचं कुलूप घालताच येत नाही, कारण त्या कुलपाच्या किल्ल्यांची जागा कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच बाद केलेली असते. रीजनची बंदीही त्यावर सहसा कुणी टाकत नाही. मुंज लागत नसेल तर तीन शक्यता. रेकॉर्ड करणाऱ्यानं शेवटी डिस्क फायनलाइज, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद, केली नसेल. मग ती ज्या मशीनवर बनली त्याच मशीनवर चालते. किंवा डिस्कचा रंगाचा थर उन्हानं, वर्षांनी उतरलेला असेल. किंवा तुमच्या प्लेअरची लेन्स थकलेली असेल; कारखान्यात दाबलेली डिस्क ती वाचते, बर्न केलेली नाही, कारण बर्न केलेल्या डिस्कवरून उजेड कमी परततो. ही डिस्क बाकीच्यांपासून वेगळी काढा. सिनेमे पुन्हा मिळतील.

पुष्कळ जण पाल आणि एनटीएससी यांनाच रीजन समजतात. ते टीव्हीचं मोजमाप आहे. अमेरिकेचं चित्र ४८० ओळींचं, सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेमांचं. आपलं ५७६ ओळींचं आणि २५ फ्रेमांचं. जपान आणि इंग्लंड दोघंही रीजन २ मध्ये, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि इंग्लंडची पाल. आपल्याकडे विकलेले प्लेअर दोन्ही मोजमापं बिनबोभाट दाखवतात, त्यामुळे ताईंना ती अडचण नाही. हिंदी सिनेमांच्या डिस्का तर मुळात बहुतेक एनटीएससीच निघायच्या आणि कुठल्याही रीजनची बंदी नसलेल्या. का, ते पुढे.

आता खरं कुलूप. डीव्हीडी आधी जपानात, नोव्हेंबर १९९६ मध्ये आली आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत. तेव्हाच जगाचे तुकडे ठरले. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ म्हणजे युरोप, जपान, आखाती देश, दक्षिण आफ्रिका. ३ मध्ये कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया. ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मेक्सिकोपासून खालची सगळी अमेरिका. ५ मध्ये आपण, पाकिस्तान, रशिया आणि बहुतेक आफ्रिका. ६ म्हणजे एकटा चीन. ७ राखीव, आणि ८ विमानं-जहाजांसाठी.

ही वाटणी बडोद्याला जितकी विनोदी वाटली तितकी दुसऱ्या कुणाला वाटली नसेल. इथे प्रत्येक पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, एक काका आफ्रिकेत आणि एक इंग्लंडात. नैरोबीच्या मामानं डिस्क आणली तर चालणार, कारण केनिया आपल्याच पाचात. तोच मामा पुढे लेस्टरला गेला आणि तिथून डिस्क पाठवायला लागला की चालणार नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, मामा आता फसवून स्वस्तातली डिस्क पाठवतोय.

डिस्कवर हे कुलूप किती जागा खातं म्हणाल, तर एक बाइट. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी कित्येकांना दाखवलंय. डिस्कमध्ये ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं, त्यात त्याच नावाची, शेवटी आयएफओ लावलेली एक छोटी फाइल. ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडायची आणि छत्तिसावा बाइट पाहायचा. त्यात आठ घरं, प्रत्येक रीजनचं एक, उजवीकडून डावीकडे मोजायची. घरात १ असेल तर त्या रीजनला बंदी, ० असेल तर मुभा. तुमच्या भावाच्या डिस्कवर १११११११० असणार, म्हणजे फक्त पहिल्या घराला मुभा. फक्त आपल्यासाठी काढलेल्या डिस्कवर १११०११११. हिंदी सिनेमाच्या डिस्कवर आठही शून्यं. लोक ज्याला रीजन झिरो म्हणतात ते हेच. त्या नावाचा रीजन कुठे नाही, फक्त कुणालाच बंदी नाही.

प्लेअर डिस्क घेतल्याबरोबर ते घर बघतो, आपला नंबर बघतो, आणि जमत नसेल तर पाटी दाखवून गप्प बसतो. सिनेमा डिस्कवर पूर्ण असतो, लेन्स तो वाचू शकते. नाही म्हणतंय ते प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर.

मग हे केलं कशासाठी? चोरी थांबवायला, असं बरेच जण समजतात. मला ते कधीच पटलं नाही. चोरबाजारात विकणारा आठही घरांत शून्य टाकून डिस्क काढतो. त्याच्या गिऱ्हाइकाला पाटी दिसतच नाही. पाटी दिसते ती पैसे मोजून अस्सल डिस्क घेतलेल्या तुमच्या भावाच्या बहिणीला.

कारण धंद्याचं होतं. तेव्हा सिनेमा पस्तीस एमएमच्या रिळांवर फिरायचा आणि प्रिंट महाग. अमेरिकेत उन्हाळ्यात लागलेला सिनेमा इतर देशांत काही महिन्यांनी जायचा. पुष्कळदा वापरून झालेल्या प्रिंटाच पुढे रवाना व्हायच्या. तोपर्यंत अमेरिकेत त्याची डिस्क बाजारात आलेली. ती डिस्क सुटकेसमधून इथे पोचली आणि व्हिडिओवाल्यानं पन्नास घरांत फिरवली, तर थिएटरवाल्यानं काय विकायचं? शिवाय प्रत्येक देशाचे हक्क वेगवेगळ्या वितरकांना विकलेले असायचे. ज्यानं भारताचे हक्क घेतले त्याला आपल्या हद्दीत दुसऱ्याचा माल नको. आणि भाव. अमेरिकेतल्या पगाराला परवडणारा भाव इथे चालत नाही, आणि इथल्या भावानं काढलेली डिस्क पोत्यानं तिकडे गेली तर तिथला धंदा बुडतो.

व्हीएचएसच्या जमान्यात हे कुंपण आयतंच होतं. अमेरिकेची कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र लोळायचं. त्यासाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागायचा, तो दुबईहून कुणी आणला तर गल्लीत नाव व्हायचं. डीव्हीडी प्लेअरच्या चिपला दोन्ही मोजमापं वाचणं सोपं झालं आणि आयतं कुंपण पडलं. म्हणून स्टुडिओंनी नवं बांधायला लावलं, नाही तर सिनेमे देणार नाही म्हणाले.

ते बांधलं कसं, हे कायद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबा. सिनेमाच्या डिस्कवर सीएसएस नावाचं गूढलेखन असतं, चाळीस बिटांच्या किल्लीचं. ते उलगडण्याच्या किल्ल्या हव्या असतील तर प्लेअर बनवणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो, आणि त्या परवान्यात एक अट असते की तुमचा प्लेअर रीजन पाळेल. म्हणजे रीजनचं कुलूप कुठल्या सरकारनं घातलेलं नाही. तो स्टुडिओ आणि कारखानदार यांच्यातला करार आहे. त्या करारावर तुमची सही नाही, माझीही नाही.

आपल्या हिंदी निर्मात्यांनी हे कुंपण वापरलं नाही, कारण त्यांचं गिऱ्हाईकच सगळीकडे पसरलेलं. न्यू जर्सीतल्या एडिसनला, लंडनच्या साउथॉलला, दुबईला, फिजीतल्या सुव्याला तीच डिस्क खपवायची. गेट बांधून आपलंच दुकान बंद कोण करेल?

करारात राहूनही कारखाने पळवाट ठेवायचे. एकच सर्किट जगभर जायचं, आणि नंबर शेवटी एका छुप्या मेनूतून टाकला जायचा. ट्रे उघडा ठेवून रिमोटवर ठरावीक बटणं दाबली की तो मेनू येतो. त्यात एक ते सहा निवडता येतात, कधी शून्य किंवा ‘ऑल’ही असतं. तो आकडा सर्व्हिस इंजिनिअरकडून विक्रेत्याकडे, विक्रेत्याकडून गल्लीत यायला फार वेळ लागत नसे. स्वस्त चिनी प्लेअर तर मुळातच उघडे यायचे. ‘प्लेअर खोलून घेणं’ म्हणजे नव्वद टक्के वेळा एवढंच, दोन मिनिटांचं काम. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

इथे एक खोच आहे. शून्यावर ठेवलेला प्लेअर सगळं चालवेल असं वाटतं, पण २००० नंतर काही स्टुडिओंनी आणखी एक तपासणी घातली. डिस्कवरची बंदी कमी करायची आणि आत एक छोटा प्रोग्रॅम ठेवायचा, जो प्लेअरला विचारतो, तुझा नंबर कोणता? उत्तर १ नसेल तर जगाचा नकाशा आणि एक इंग्रजी संदेश येतो. अशा डिस्कला ‘ऑल’ चालत नाही, नंबर मुद्दाम १ वर आणावा लागतो. खोक्यातल्या काही डिस्का अशा असतील, तेव्हा शून्य केल्यावरही दोन-चार अडल्या तर माझं काम बिघडलं असं समजू नका.

कॉम्प्युटरचं निराळं. १ जानेवारी २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये रीजन ड्राइव्हच्याच आत लिहिलेला असतो आणि वापरणाऱ्याला तो फक्त पाच वेळा बदलता येतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की ‘डीव्हीडी रीजन’ नावाचा एक टॅब असतो. त्यात किती बदल शिल्लक आहेत ते दिसतं. हा आकडा लोक वाचत नाहीत. फाइन आर्ट्सच्या एका मुलीनं लॅपटॉप आणला होता. मैत्रिणींकडून जगभरचे सिनेमे आणायची. एक दिवस १, दुसऱ्या दिवशी २, मग परत १. प्रत्येक वेळी विंडोज विचारायचं, ती ‘ओके’ म्हणायची. शेवटी शिल्लक शून्य, ड्राइव्ह रीजन २ वर कायमचा, आणि सोमवारी ज्या सिनेमावर वर्गात बोलायचं तो रीजन १ चा. तिला मी व्हीएलसी नावाचं सिनेमे चालवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते डिस्कची किल्ली ड्राइव्हकडे मागत बसत नाही, गणित करून शोधतं, त्यामुळे पुष्कळ ड्राइव्हवर रीजन आडवा येत नाही. तिच्या ड्राइव्हवर चाललं. काही ड्राइव्ह मात्र चुकीच्या रीजनचा डेटा वाचूच देत नाहीत, तिथे व्हीएलसीही हात टेकतं.

तिसरा रस्ता म्हणजे ड्राइव्हचं फर्मवेअर, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं, म्हणजे तो रीजन विचारणं सोडून देतो. तो मी आता सुचवत नाही. एका गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर ते चढवत असताना, सत्तर-ऐंशी टक्क्यांवर, दांडिया बाजाराची वीज गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी बदलायची मीच टाळत आलो होतो. ड्राइव्ह वारला. नवीन ड्राइव्ह माझ्या खिशातून गेला आणि त्याच आठवड्यात बॅटरीही आली.

आता जावईबापूंकडे. त्यांनी सांगितलेलं कलम खरं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ हे कलम आलं आणि २१ जून २०१२ पासून लागू झालं. त्याआधी असलं कुलूप तोडण्याबद्दल आपल्या कॉपीराइट कायद्यात काहीच नव्हतं. कलम म्हणतं की या कायद्यानं दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कुणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं चुकवेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जावईबापू ‘चुकवेल’वर थांबले. वाक्याचा जीव ‘भंग करण्याच्या हेतूनं’ या तीन शब्दांत आहे.

न्यायमंदिरात उभी हयात वकिली केलेला माझा एक मित्र हे असं समजावतो. सिनेमाच्या मालकाला कायदा काय हक्क देतो? प्रत काढण्याचा, विकण्याचा आणि भाड्यानं देण्याचा, लोकांना दाखवण्याचा. घरी सोफ्यावर बसून आपल्या मालकीची अस्सल डिस्क पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. तो हक्क मालकाच्या यादीतच नाही. मग तुमच्या पाहण्यानं भंग कशाचा होणार, आणि जो भंग होतच नाही त्याचा हेतू कुठून येणार? शिवाय रीजनचं कुलूप बाजार वाटून घ्यायला लावलंय, प्रत काढू न देण्यासाठी नाही. त्याला ‘हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला उपाय’ म्हणता येईल का, यावरच तो तासभर बोलू शकतो. तेवढ्यावरही कुणाचं समाधान होत नसेल तर त्याच कलमाचं दुसरं पोटकलम आहे: या कायद्यानं स्पष्टपणे मना केलेलं नाही अशा कामासाठी कुलूप चुकवलं तर पहिलं पोटकलम आडवं येत नाही.

म्हणून ताई, तुमच्यापुरतं उत्तर: भावानं विकत घेतलेल्या डिस्का घरी पाहण्यासाठी प्लेअरचा रीजन बदलणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. जावईबापूंना कलम परत वाचायला द्या, पण चहा देऊन.

गंमत अशी की त्या दुसऱ्या पोटकलमाला एक परंतुक, म्हणजे शेवटी जोडलेली अट, आहे, आणि ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. अशा वैध कामासाठी कुलूप चुकवायला जो दुसऱ्याला मदत करेल, त्यानं त्या माणसाची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे: नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील, आणि काम कशासाठी केलं तो उद्देश. मित्रानं हे वाचून दाखवलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, ‘वही ठेवलीस तर काही बिघडत नाही. नाही ठेवलीस आणि कुणी विचारलं, तर हे परंतुक रीजनला लागू होतं की नाही यावर तुला भांडत बसावं लागेल.’

तेव्हापासून गल्ल्याखाली दोनशे पानी वही आहे. सहा रकाने आखलेत: तारीख, नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, मशीन, उद्देश. उद्देशाच्या रकान्यात मी गिऱ्हाइकाचेच शब्द लिहितो. ‘लेस्टरहून मुलीनं पाठवलेल्या डिस्का घरी पाहणे.’ ‘नातवासाठी कार्टून, टोरांटोहून.’ एका आजोबांनी लिहायला लावलं, ‘सौ.चा हट्ट.’ तेही तसंच आहे.

पहिल्याच महिन्यात एक जण आला. त्याला अमेरिकन डिस्का चालतील असा प्लेअर हवा होता आणि त्यासोबत त्या डिस्कांच्या पन्नास-पन्नास कॉप्या काढून देईन का, असं विचारत होता. मी वही उघडली, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून म्हणालो, उद्देश काय लिहू? त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्लेअर काखेत मारला आणि रावपुऱ्याच्या दिशेनं गेला. त्या ओळीत उद्देशाची जागा अजून कोरी आहे.

म्हणजे कायदा कुठे चावतो ते बघा. कुलपात नाही, पुढच्या कामात. डिस्क परदेशातून आणणंही आपल्या कायद्यात बघितलं जातं: स्वतःच्या खाजगी, घरगुती वापरासाठी एखाद्या कलाकृतीची एक प्रत आणायला कलम ५१ मध्ये मुभा आहे. साठ वेगवेगळे सिनेमे, प्रत्येकी एक, हे त्यात बसतं. एकाच सिनेमाच्या वीस डिस्का सुटकेसमधून आल्या तर घरगुती वापर म्हणायला तोंड राहत नाही. भाड्यानं देणं तर नाहीच. अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डिस्का इथे आणून लायब्ररीतून भाड्यानं देणाऱ्याविरुद्ध वॉर्नर ब्रदर्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. डिस्का अस्सल होत्या, चोरीच्या नव्हत्या. तरी इथे भाड्यानं देण्याचा हक्क मालकाचा, असं न्यायालय म्हणालं. जुन्या व्हिडिओ लायब्रऱ्यांपैकी कुणाकडे रीजन १ चा साठा पडून असेल तर त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि गणपती. दरवर्षी कुठल्या तरी मंडळाचा मुलगा प्रोजेक्टर घेऊन येतो आणि विचारतो, विसर्जनाच्या आदल्या रात्री मंडपात सिनेमा लावू का. तिथे रीजनचा प्रश्नच नाही, लोकांना दाखवायची परवानगी लागते, मग डिस्क कुठल्याही नंबरची असो. शाळा-कॉलेजला त्यांच्या कामकाजाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक अशांपुढे दाखवायची सूट कलम ५२ मध्ये आहे. फाइन आर्ट्सच्या त्या मुलीचा सोमवारचा वर्ग त्यात येतो. गल्लीचा मंडप येत नाही.

खोकं रिकामं करून सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचं का, असं ताईंनी विचारलेलं नाही, पण विचारतील. तिथे मी हात आखडता घेतो. प्रत काढणं हा मालकाच्या यादीतला हक्क आहे. खाजगी वापरासाठी वाजवी मोकळीक कायद्यात आहे खरी, पण ती हार्ड डिस्क पुढे भावजयीकडे, शेजारी, ऑफिसात फिरते हे मी डोळ्यांनी पाहतो. म्हणून दुकानात ते काम घेत नाही. मुंजीची प्रत मात्र काढून देईन, दहा म्हणालात तर दहा.

भावालाही हे उत्तर दाखवाल, म्हणून तिकडचं थोडक्यात. अमेरिकेचा १९९८ चा कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. कुलूप चुकवण्यालाच तो हात घालतो, पुढे कॉपी काढली की नाही याची वाट पाहत नाही. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं सीएसएस उलगडणारा प्रोग्रॅम आपल्या वेबसाइटवर टाकणाऱ्या मासिकाविरुद्ध निकाल दिला, पुढच्या वर्षी अपिलातही तोच टिकला. तरी रीजन-फ्री प्लेअर तिथे उघड विकले जातात. तोच प्रोग्रॅम १९९९ मध्ये बाहेर आणणाऱ्यांत एक पंधरा वर्षांचा नॉर्वेजियन मुलगा होता. त्याच्यावर नॉर्वेत खटला झाला आणि २००३ मध्ये तो सुटला. आपणच विकत घेतलेली डिस्क पाहणं म्हणजे घरफोडी नव्हे, असं तिथल्या न्यायालयानं धरलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी तर कायद्यातच लिहून टाकलं की बाजार वाटून घेण्यासाठी लावलेल्या असल्या कुलपाला संरक्षण नाही. असल्या कुलपांना संरक्षण द्या म्हणणाऱ्या जागतिक करारांत आपण सामील झालो ते २०१८ मध्ये, पण ६५अ मधला हेतूचा शब्द जागच्या जागी आहे.

खोक्यात निळ्या डब्या असतील तर त्या ब्लू-रे. त्यांचे तुकडे तीनच: अमेरिका-जपान ‘ए’, युरोप-ऑस्ट्रेलिया ‘बी’, आपण, चीन आणि रशिया ‘सी’. त्या तुमच्या डीव्हीडी प्लेअरवर लागणारच नाहीत, रीजन काहीही असो. काळ्या डब्यांतल्या फोर-के डिस्कांवर रीजनच नाही. एव्हाना सिनेमे जगभर एकाच शुक्रवारी लागायला लागले होते, मग कुंपण राखून करायचं काय?

तर ताई, भावाचा अमेरिकन प्लेअर राहू द्या बाजूला, तुमचा इथलाच घेऊन या. सोबत एखादी न लागणारी अमेरिकन डिस्क, मुंजीची डिस्क मऊ कापडात वेगळी गुंडाळून, आणि ओळखपत्र, वहीसाठी. आणि रिमोट. प्लेअरसोबत आलेला, तोच. लोक बाजारातला दहा-कंपन्यांचा रिमोट घेऊन येतात. त्यावर आवाज कमी-जास्त होतो, पण छुपा मेनू उघडत नाही. सेल गेलेले असले तरी चालतील, ते मी घालीन.